समोरचा डोंगर कोणता?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

डोंगरात फिरायची आवड असलेल्या घरांत एक तरी छायाचित्र असे सापडते, ज्यातल्या सगळ्या माणसांची नावे सांगता येतात. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या डोंगराचे नाव कोणालाच नक्की ठाऊक नसते. एक जण ठासून सांगतो, हा तोरणा. दुसरा म्हणतो, छे, राजगड. फोटो काढणारा म्हणतो, तेव्हा ढग होते, मला काही आठवत नाही. चहा येतो आणि अल्बम मिटतो, पण वाद काही मिटत नाही.

हा वाद मिटवण्याची एक पद्धत आता सामान्य माणसाच्या हातात आली आहे. जमिनीच्या उंचीचे आकडे, शाळेत शिकलेली थोडी त्रिकोणमिती आणि संगणक, एवढ्यावर ती चालते. मी स्वतः गेली काही वर्षे हौसेने हे काम करतो. ओळखीची मंडळी जुने फोटो आणून देतात आणि मी त्यांतल्या क्षितिजाला नावे लावून देतो. हे कसे जमते आणि कुठे जमत नाही, ते आज सांगणार आहे.

हा प्रश्न फक्त हौशी भटक्यांचा आहे, असे मात्र समजू नका. जगातल्या सर्वांत उंच शिखराच्या बाबतीतही जाणकारांची अशीच गफलत झाली होती. भारतीय सर्वेक्षण खात्याने बिहारच्या मैदानातून हिमालयातल्या शिखरांचे कोन मोजले. राधानाथ सिकदर यांच्यासारख्या गणितज्ञांनी त्यावरून किचकट आकडेमोड केली आणि १८५६ मध्ये जाहीर झाले, की ‘पंधरा क्रमांकाचे शिखर’ २९,००२ फूट उंच, म्हणजे जगात सर्वांत उंच आहे. त्याला एव्हरेस्टचे नाव देण्याचे ठरले. पण त्याच दशकात हर्मान श्लागिंटवाइट हा जर्मन प्रवासी नेपाळात काठमांडूजवळच्या कौलियाच्या डोंगरावर गेला. तिथून पूर्वेला एक देखणे, उत्तुंग शिखर दिसत होते. स्थानिक लोक त्याला गौरीशंकर म्हणत. त्याने निष्कर्ष काढला, की हेच ते पंधरा क्रमांकाचे शिखर. युरोपातल्या, विशेषतः जर्मन नकाशांत एव्हरेस्टच्या जागी गौरीशंकर हे नाव छापले जाऊ लागले.

ही चूक निस्तरायला १९०३ साल उजाडले. सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन हेन्री वुड काठमांडूभोवतालच्या डोंगरांवर गेले. त्यांनी नीट कोन मोजून दाखवून दिले, की गौरीशंकर आणि एव्हरेस्ट ही दोन वेगळी शिखरे असून त्यांच्यात सुमारे ५८ किलोमीटरचे अंतर आहे. गौरीशंकर ७,१३४ मीटर उंच आहे. एव्हरेस्टची २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. म्हणजे दोहोंत सतराशे मीटरांचा फरक. मग डोळा फसला कसा? काठमांडूच्या बाजूने पाहिले तर दोन्ही शिखरे जवळपास एकाच दिशेला येतात, आणि त्यांतले गौरीशंकर पुष्कळ जवळ असल्यामुळे तेच अधिक उंच दिसते. जवळचे बुटके लांबच्या उंचाला मागे टाकते. कोणतेही छायाचित्र बघताना ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात ठेवायची. फोटोत जो उंच दिसतो तो उंच असतोच असे नाही.

आता आपल्या पद्धतीकडे वळू. तिच्यासाठी पहिली गोष्ट लागते ती उंचीचा तक्ता. कल्पना करा, की साऱ्या जमिनीवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखले आहेत आणि प्रत्येक चौकोनात तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली आहे. चित्र नाही, रंग नाही, नाव नाही, नुसते आकडे. असा जवळजवळ जगभराचा तक्ता पहिल्यांदा मिळाला तो फेब्रुवारी २००० मध्ये. अमेरिकेचे एंडेव्हर हे अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले. यानातल्या रडारखेरीज साठ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दुसरी अँटेना बसवलेली होती. जमिनीवरून परत आलेल्या लहरी दोन जागांहून टिपायच्या आणि त्यांच्यातल्या सूक्ष्म फरकावरून उंची काढायची, अशी ती युक्ती. उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंतची, म्हणजे पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन तीत मोजली गेली. सुरुवातीला जगाच्या बहुतेक भागासाठी ९० मीटरच्या चौकोनांचा तक्ता खुला झाला आणि २०१४ पासून ३० मीटरचाही मिळू लागला.

आपल्या इस्रोनेही हे काम केले आहे. मे २००५ मध्ये श्रीहरिकोटाहून सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला आणि एक मागे झुकलेला. एकाच जागेची दोन कोनांतून चित्रे मिळाली, की खोली कळते. आपल्याला दोन डोळ्यांमुळे कळते तशीच. त्यातून तयार झालेला भारताचा ३० मीटरचा तक्ता इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो.

३० मीटरच्या तक्त्यात एक अक्षांश गुणिले एक रेखांश एवढ्या तुकड्यात सुमारे एक कोटी तीस लाख आकडे असतात. सिंहगड, राजगड, तोरणा आणि पुरंदर हे चारही गड अशा एकाच तुकड्यात मावतात.

हे आकडे हाती आले, की संगणकाला सांगायचे, मी अमुक ठिकाणी उभा आहे, माझ्याभोवतीचे क्षितिज काढून दे. तो काय करतो, हे समजायला नाट्यगृहाचा दाखला घ्या. आपल्या पुढच्या रांगेत फेटा बांधलेले गृहस्थ बसले, की त्यांच्या मागचे आपल्याला काही दिसत नाही. दिसते ते फक्त फेट्याच्या वर जे येईल ते. संगणक एक दिशा धरतो आणि तक्त्यातल्या चौकोनांवरून पुढे पुढे जातो. प्रत्येक चौकोनापाशी तो विचारतो, इथली जमीन माझ्या डोळ्यांच्या पातळीपासून किती अंश वर दिसेल? आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त कोन आला, तर ती जागा दिसते. कमी आला, तर ती झाकलेली. दिशा संपली, की थोडेसे वळून पुन्हा तेच. अशी ३६० अंशांची फेरी झाली, की डोंगररांगांची रेघ तयार होते. माणसाला जन्म पुरणार नाही अशी ही आकडेमोड साधा मोबाइल काही क्षणांत उरकतो.

यात दोन दुरुस्त्या मात्र कराव्याच लागतात. पहिली पृथ्वीच्या गोलाईची. पृथ्वी गोल असल्यामुळे लांबची वस्तू क्षितिजाखाली उतरत जाते. हिशेब सोपा आहे. किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्याला पावणेतेराने भागायचे. उत्तर मीटरमध्ये येते. दहा किलोमीटरवरचा डोंगर जेमतेम आठ मीटर खाली जातो. शंभर किलोमीटरवरचा पावणेआठशे मीटर! दुसरी दुरुस्ती हवेची. जमिनीलगतची हवा दाट आणि वरची विरळ असल्यामुळे प्रकाशाचा किरण किंचित वाकून येतो आणि लांबचा डोंगर थोडा वर उचलल्यासारखा दिसतो. गोलाईमुळे होणारी घट त्यामुळे साधारण सातवा-आठवा हिस्सा कमी होते. हवेच्या तापमानाप्रमाणे हे प्रमाण बदलते, म्हणून लांबच्या शिखराचा कोन कधीच शेवटच्या अंशापर्यंत नेमका सांगता येत नाही.

दार्जिलिंगच्या टायगर हिलवर पहाटे गेलेल्यांना हे उदाहरण पटेल. तिथून कांचनगंगा डोळे भरून दिसते. वायव्येला दूरवर काही छोटी टोके दिसतात आणि वाटाडे सांगतात, तो एव्हरेस्ट. अनेक जण त्यांतल्या सर्वांत उठून दिसणाऱ्या टोकाकडे बोट दाखवतात, पण तो असतो मकालू. मी हा हिशेब करून पाहिला आहे. टायगर हिलची उंची सुमारे २,५९० मीटर. तिथून कांचनगंगा साधारण ७९ किलोमीटरवर आहे आणि ती चार अंश वर दिसते. मकालू सुमारे १५४ किलोमीटरवर, तो साधारण १.६ अंश वर. एव्हरेस्ट १७३ किलोमीटरवर, तो १.४ अंश वर. आणि मकालू व एव्हरेस्ट यांच्या दिशांत फरक केवळ अर्ध्या अंशाच्या आसपास! जगातले सर्वांत उंच शिखर तिथून शेजाऱ्याच्या खांद्याआडून डोकावल्यासारखे दिसते. पृथ्वी गोल असल्यामुळे असे होते, असे बऱ्याच वेळा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पृथ्वी सपाट असती तरी मकालू जवळ असल्यामुळे किंचित वरच दिसला असता. गोलाईमुळे हा फरक वाढतो, इतकेच.

पुढचा टप्पा म्हणजे हे आखलेले क्षितिज छायाचित्रावर बसवणे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. फोटो कुठून काढला, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते आणि भिंगाने किती रुंद दृश्य पकडले. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागा आणि भिंगाची माहिती बहुधा आपोआप नोंदली जाते. मोबाइलमधल्या होकायंत्रावर मात्र फार विसंबू नये. लोखंडी कठडा किंवा गाडी जवळ असली, तर तो सहज पाच-दहा अंश चुकतो, आणि आपण आत्ताच पाहिले, की अर्ध्या अंशात शिखर बदलते. म्हणून शेवटची जुळणी डोळ्यांनीच करायची. आखलेली रेघ डावी-उजवीकडे सरकवत न्यायची. एखादी खिंड आणि दोन टोके चपखल बसली, की बाकीची रेघ आपोआप जागेवर येते. तशी ती आली नाही, तर आपण धरलेली जागाच चुकलेली असते.

सुरुवातीच्या वादाचाच निकाल लावू. सिंहगडावरून नैर्ऋत्येकडे पाहिले, की राजगड आणि तोरणा दोन्ही दिसतात. राजगड साधारण १५ किलोमीटरवर आणि तोरणा १७ किलोमीटरवर. दोहोंच्या दिशांत सुमारे २४ अंशांचा फरक आहे. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे साधे भिंग असे. ते सुमारे ४० अंश रुंदीचे दृश्य पकडते. म्हणजे दोन्ही गड एकाच फोटोत येतात, डावीकडे राजगड आणि उजवीकडे तोरणा. फोटोत एकच गड असेल, तर त्याच्या अलीकडच्या टेकड्या पाहायच्या. जवळच्या टेकड्या फार चुगलखोर असतात. आपण एक किलोमीटर बाजूला सरकलो, तर १७ किलोमीटरवरचा तोरणा तीन अंशांहून अधिक सरकतो आणि दोन किलोमीटरवरची टेकडी तर कुठल्या कुठे जाते. त्यामुळे जवळची टेकडी आणि लांबचा गड यांची जोडी जुळली, की फोटो काढणारा कोणत्या बुरुजावर उभा होता, तेही बऱ्याचदा सांगता येते.

आता ही पद्धत कुठे तोकडी पडते, तेही सांगायला हवे. तक्त्यात एका चौकोनाला एकच उंची. सह्याद्री आहे उभ्या कड्यांचा आणि सुळक्यांचा. ९० मीटरच्या चौकोनात अर्धा भाग कड्याच्या माथ्याचा आणि अर्धा पायथ्याचा असेल, तर तक्त्यात भलतीच मधली उंची येते आणि ताठ कडा उताराची टेकडी होऊन बसतो. लिंगाण्यासारख्या सुळक्याचे टोक असेच बोथट होते. ३० मीटरच्या तक्त्यात गोष्टी सुधारतात, पण पूर्ण नाही. नेढ्याचे तर विचारूच नका. राजगडाच्या सुवेळा माचीवरचे नेढे किंवा रतनगडावरचे नेढे म्हणजे कातळातले आरपार भोक. खाली कातळ, मध्ये आकाश आणि वर पुन्हा कातळ, असे एका आकड्यात लिहायचे कसे? संगणकाच्या क्षितिजात नेढे कधीच दिसत नाही. आपण मात्र नेढे दिसले, की त्यावरूनच डोंगर ओळखतो.

हिमालयात अडचण वेगळी होती. अंतराळयानावरचे रडार तिरके पाहत होते. त्यामुळे खोल दऱ्या आणि उभ्या भिंती रडारच्या सावलीत राहिल्या आणि नेमक्या शिखरांच्या गर्दीत तक्त्याला भोके पडली. स्कॉटलंडमधल्या एका हौशी अभ्यासकाने जुने नकाशे समोर ठेवून ती भोके भरली आणि आपले आकडे सर्वांसाठी खुले केले. जगभरच्या अनेकांनी ते वापरले.

या पद्धतीचा उपयोग फोटो काढण्याच्या आधीही होतो. कुठून काय दिसू शकेल, हे घरबसल्या काढता येते. जुलै २०१६ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या एका शिखरावरून पहाटे आल्प्सच्या शिखरांचा फोटो काढला गेला, तब्बल ४४३ किलोमीटरवरून. तिथून ती शिखरे दिसू शकतात, हे आकडेमोडीने आधीच ठाऊक होते. वाट पाहायची होती ती स्वच्छ हवेची. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत हवा निवळली आणि जालंधरच्या गच्च्यांवरून लोकांना धौलाधारच्या हिमरांगा दिसल्या. पुष्कळांना तो चमत्कार वाटला. तक्त्याला विचाराल, तर सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटरवरची ती रांग जालंधरहून दिसायलाच हवी. ती तिथेच होती, मध्ये आपला धूर होता.

इथपर्यंतचे सारे हौसेचे झाले. पण हाच प्रश्न उलटा विचारला, की त्याला निराळे वजन येते. डोंगर कोणता, असे न विचारता हा फोटो काढला कुठे, असे विचारायचे. झुरिचच्या ईटीएच या संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये संपूर्ण स्वित्झर्लंडच्या, म्हणजे सुमारे ४० हजार चौरस किलोमीटरच्या मुलखावर हा प्रयोग केला. नुसत्या क्षितिजरेषेवरून दहापैकी जवळजवळ नऊ छायाचित्रांची जागा त्यांच्या संगणकाने एका किलोमीटरच्या आत सांगितली.

आणि जुलै २०१८ मध्ये एक भीषण चित्रफीत समाजमाध्यमांवर आली. सैनिकी पोशाखातली माणसे दोन स्त्रिया आणि दोन लहान मुलांना हाकत नेतात आणि गोळ्या घालून ठार मारतात. हे आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात घडले, असे लोक म्हणत होते. तिथल्या सरकारने सुरुवातीला ही बातमीच खोटी ठरवली. बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या पथकाने तपास सुरू केला. चित्रफितीच्या पहिल्या चाळीस सेकंदांत मागे एक डोंगररांग दिसत होती. तिची रेघ ते उत्तर कॅमेरूनच्या भूरचनेशी ताडून पाहू लागले. जुळेना. मग एका माणसाकडून सुगावा लागला, की झेलेवेत गावाजवळ पाहा. तिथल्या डोंगराची रेघ तंतोतंत जुळली. मग घरे, झाडे, वाटा जुळल्या. सावल्यांच्या लांबीवरून तारीख २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या दिवसांपर्यंत आणता आली. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्या चौघांच्या बाजूने बोलायला गावात कोणी उरले होते की नाही, कोण जाणे. पण मागचा डोंगर खोटे सांगत नव्हता.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. घराच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोत डोंगराची रेघ असेल, तर आपला पत्ता आपण जगाला सांगत असतो, हे सावधपणे लक्षात ठेवलेले बरे.

शेवटी नावांबद्दल. उंचीच्या तक्त्यात सारे काही आहे, पण नाव नाही. मोबाइलच्या पडद्यावर शिखरांवर जी नावे उमटतात, ती निराळ्या यादीतून येतात. जुन्या सरकारी नकाशांतून, किंवा २००४ पासून स्वयंसेवकांनी मिळून घडवलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’सारख्या नकाशातून. यादीत नसलेला डोंगर पडद्यावर बिननावाचा राहतो. खंडाळ्याजवळच्या ज्या कड्याला आपण नागफणी म्हणतो, तो साहेबाच्या भाषेत ‘ड्यूक्स नोज’ झाला. पुष्कळ ठिकाणी हेच नाव पुढे केलेले दिसते. नाणेघाटातला नानाचा अंगठा खालून, कोकणातून पाहिला तर खरोखर अंगठा आहे. वरून, घाटमाथ्याकडून गेलात तर तो नुसता चढ आहे. ज्याने हे नाव ठेवले, तो कोणत्या बाजूने वर चढत होता, हे नावच सांगते. अशी कितीतरी नावे आजही फक्त पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवर, गुरे राखणाऱ्यांच्या आणि धनगरांच्या तोंडी आहेत. संगणक त्या डोंगराची उंची सांगेल, अंतर सांगेल, कोन सांगेल. नाव सांगणारा माणूस गेला, तर नाव मात्र कोणत्याही उपग्रहातून परत मिळणार नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी डोंगरात फोटो काढाल, तेव्हा आपण उभे असलेल्या जागेची नोंद करा. बुरूज, माची, पाण्याचे टाके, जे असेल ते लिहून ठेवा. मग जवळच्या वस्तीवर एखाद्या आजोबांना, मावशींना विचारा, समोरच्या त्या डोंगराला तुम्ही काय म्हणता? दोघांनी दोन नावे सांगितली, तर दोन्ही लिहा. फोटोच्या मागे तारीख, जागा आणि नाव, एवढ्या तीन गोष्टी असल्या, की उरलेले काम आकड्यांवर सोपवायला हरकत नाही.